उलगडण्यासाठी घातलेली घडी



सरांनी मला गुणसूत्रं पहिल्यांदा दाखवली ती कांद्याच्या मुळात. प्रयोगशाळेच्या खिडकीत चहाचे काचेचे ग्लास ओळीने मांडलेले असत. प्रत्येकाच्या तोंडावर एकेक कांदा, बूड जेमतेम पाण्याला टेकलेलं. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं सुटायची. सकाळी लवकर येऊन त्यांची टोकं कापायची आणि अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायची. दुसऱ्या दिवशी ती रंगात घालून स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच शेकायची, वाफ दिसली की बाजूला. मग काचपट्टीवर दोन मिलिमीटरचं टोक, वर पातळ काच, तिच्यावर टिपकागदाची घडी आणि त्या घडीवर अंगठा. ‘दाब सरळ खाली. अंगठा सरकला की पेशी गेल्या,’ असं सर प्रत्येकाच्या मागे उभं राहून सांगत.

माझा अंगठा दोनदा सरकला. तिसऱ्यांदा जमलं. भिंगाखाली एका चौकोनी पेशीत तांबूस-जांभळ्या काड्या पसरल्या होत्या. मोजल्या, सोळा भरल्या. सरांनी वाकून पाहिलं, पेशी पसंत पडली हे त्यांच्या श्वासावरून कळलं, आणि त्यांनी विचारलं, ‘या सोळा काड्या उलगडल्या तर किती लांब होतील?’ उत्तर न सांगता ते पुढच्या बाकाकडे गेले.

पुढची जवळजवळ तीस वर्षं मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माणसांची गुणसूत्रं पाहण्याचं काम केलं, आणि तो प्रश्न कधी सुटला नाही. उत्तर आकड्यात द्यायचं तर सोपं आहे. कांद्याच्या एका पेशीत सुमारे अकरा मीटर डीएनए असतो, नऊवारी लुगड्याहून लांब. माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर. कांद्यात आपल्या पाचपट धागा आहे, हे ऐकून माणसं चमकतात. पण सरांचा प्रश्न लांबीचा नव्हता, काड्या ‘उलगडण्या’चा होता. आज मला त्याच शब्दाविषयी बोलायचं आहे.

माझ्या हातात हे शिवणकामाच्या दोऱ्याचं रीळ आहे. दोऱ्याची जाडी धरा मिलिमीटरचा पाचवा भाग. डीएनएचा धागा याच्या एक लाखाव्या हिश्श्याइतका जाड असतो. आता सगळंच एक लाख पटीने मोठं करू. माणसाच्या पेशीतला डीएनए हा दोरा झाला, तर त्याची लांबी होते २०० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघालेला दोरा नाशिकला पोचल्यासारखा. तो एकसलग नाही, ४६ तुकड्यांत आहे, आणि सरासरी एकेक तुकडा चार किलोमीटरहून लांब. पेशीचं केंद्रक याच मापाने केवढं होईल? सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीची गोल टाकी, दोन्ही हातांच्या कवेत मावेल अशी.

एवढं सांगितलं की लोक म्हणतात, बापरे, किती दाबून भरला असेल! मलाही अनेक वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा कागदावर हिशेब केला. २०० किलोमीटर दोऱ्याचं आकारमान होतं सहा-सव्वासहा लिटर. त्या गोल टाकीत मावतं पावणेदोनशे लिटरच्या आसपास. म्हणजे दोरा टाकीचा जेमतेम साडेतीन टक्के भाग व्यापतो. जागेची टंचाई नाहीच! अडचण गुंत्याची आहे. चार-चार किलोमीटरचे ४६ दोरे टाकीत सोडून द्या आणि सांगा, सातव्या दोऱ्याचा दोन किलोमीटरवरचा वीतभर भाग मला आत्ता वाचायला हवा, बाकीचं हलू देऊ नका. नंतर सांगा, सगळ्या दोऱ्यांची एकेक नक्कल काढा आणि दोन्ही संच न तुटता, न अडकता वेगळे करा. पेशी हे करते, आणि विभागणीचा शेवटचा टप्पा तासाभरात उरकते. म्हणून डीएनए ‘ठासून भरलेला’ असतो, हे वर्णन मला चुकीचं वाटतं. ठासून भरलेली वस्तू हवी तेव्हा हाताला लागत नाही. घडी घातलेली लागते.

उघडण्याची ही सोय धाग्याच्या रचनेपासूनच सुरू होते. १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी फ्रीड्रिश मीशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत काम करत होता. जवळच्या शस्त्रक्रिया विभागातून पुवाने भरलेल्या मलमपट्ट्या मागवायच्या, त्यांतल्या पांढऱ्या पेशी धुऊन काढायच्या आणि त्यांच्या केंद्रकांतून काय निघतं ते पाहायचं, असं ते काम. निघाला एक पांढरट, चिकट, फॉस्फरसने भरलेला पदार्थ. त्याला त्याने ‘न्यूक्लिन’ म्हटलं. जखमेच्या घाणीतून आनुवंशिकतेचा पदार्थ हाती आला, पण तो कशाचा आहे हे कळायला ७५ वर्षं जावी लागली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला एव्हरी, मॅक्लिऑड आणि मकार्टी यांनी दाखवलं, की जिवाणूचा गुणधर्म एकाकडून दुसऱ्याकडे नेतो तो हाच पदार्थ.

रचनेची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. १९५३, केंब्रिज, वॉटसन आणि क्रिक, दुहेरी पीळ. त्या गोष्टीतला लंडनचा भाग मात्र आजही पुरता सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडी थांबते. रोझलिंड फ्रँकलिन किंग्ज कॉलेजात १९५१ च्या जानेवारीत रुजू झाल्या. डीएनएचे धागे ताणून, त्यांच्याभोवतीच्या हवेची आर्द्रता काटेकोर बदलून त्या क्ष-किरणांनी त्यांचे फोटो घेत. त्यातून त्यांना कळलं, की डीएनएची दोन रूपं आहेत. कोरड्या हवेत तो आखूड आणि जाड होतो, ओल्या हवेत लांब आणि बारीक. आधी दोन्ही रूपांची सरमिसळ होऊन फोटो गिचमीड येत होते. ती रूपं वेगळी करता आल्यावर चित्र स्वच्छ दिसू लागलं. पाणी एवढ्या सहज आत-बाहेर करतं, त्या अर्थी फॉस्फेटचा कणा धाग्याच्या बाहेरच्या अंगाला असला पाहिजे, हेही त्यांनी मांडलं. मे १९५२ मध्ये त्यांच्या हाताखालच्या रेमंड गॉस्लिंगने घेतलेला ५१ क्रमांकाचा फोटो पुढे प्रसिद्ध झाला. काळ्या ठिपक्यांची फुली, एवढंच त्यात दिसतं, पण जाणकाराला फुली दिसली की पीळ दिसला. तो फोटो त्यांच्या नकळत वॉटसनना दाखवला गेला. १९५८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने त्या गेल्या. १९६२ च्या नोबेलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांच्याबरोबर मॉरिस विल्किन्स होते. मॉडेल बांधणाऱ्यांची प्रतिभा मी कमी लेखत नाही. पण आयुष्यभर काचपट्टी नीट यावी म्हणून धडपडलेली बाई म्हणून मी सांगेन, की नमुना ओला किती आणि कोरडा किती हे ज्या बाईंनी पाहिलं, त्यांच्याशिवाय दुहेरी पिळाचा तो जिना उभा राहिला नसता.

त्या जिन्याची रचना पाहा. दोन्ही बाजूंचे कठडे साखर आणि फॉस्फेटचे, एक वर जाणारा तर दुसरा खाली येणारा. मधल्या पायऱ्या जोड्यांच्या. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. दहाएक पायऱ्यांमध्ये एक वेढा पुरा होतो आणि त्या वेढ्याची उंची ३.४ नॅनोमीटर. कठडे पक्क्या रासायनिक बंधांनी सांधलेले आहेत, तर पायऱ्या मधोमध दोन किंवा तीन दुबळ्या हायड्रोजन बंधांनी टेकलेल्या. लांबीच्या दिशेने ओढा, धागा तग धरतो. आडवा उघडा, स्वेटरच्या चेनसारखा सुटतो. जपायचं तेही आणि उघडायचं तेही एकाच बांधणीत साधलं आहे.

आता घडीकडे येऊ. इथे पहिला अडसर धाग्याचाच. फॉस्फेटमुळे डीएनएच्या सर्वांगावर ऋण भार असतो, त्यामुळे त्याचा एक भाग दुसऱ्याला ढकलतो. शिवाय तो ताठ आहे. आपल्या मोठ्या केलेल्या मापात त्याचा अर्धा सेंटिमीटरचा तुकडा आपणहून वाकायला राजी नसतो. त्याला वाकवणारी प्रथिनं म्हणजे हिस्टोन. आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये ती वेगळी केली. त्यांच्यात लायसिन आणि आर्जिनिन ही धन भाराची अमिनो आम्लं ठासून भरलेली, त्यामुळे डीएनए त्यांना ओढीने बिलगतो. चार प्रकारच्या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन रेणू मिळून आठांची एक गोटी होते आणि तिच्यावर डीएनए पावणेदोनाला थोडे कमी इतके वेढे घेतो. त्यात १४७ जोड्या खपतात. मग थोडा मोकळा धागा, मग पुढची गोटी. आपल्या मापात ही गोटी राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान आणि वेढ्यांसकट मोहरीएवढी. माणसाच्या एका केंद्रकात अशा सुमारे तीन कोटी मोहऱ्या आहेत. त्यांना न्यूक्लिओसोम म्हणतात.

हे कळलं कसं, तर उंदराच्या यकृतातून. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात हेविश आणि बर्गॉइन यांनी पाहिलं, की उंदराच्या यकृतपेशींच्या केंद्रकातलंच एक एन्झाइम डीएनए कापू लागलं की तुकडे कसेही पडत नाहीत. ठरावीक लांबीचे, तिच्या दुपटीचे, तिपटीचे असे पडतात. आज आपण ती लांबी दोनशे जोड्यांच्या आसपास धरतो. कुठलीही कात्री ठरावीक अंतरावरच चालत असेल तर मधला भाग कशाने तरी झाकलेला आहे, एवढं उघड होतं. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोनांची गोटी मांडली. त्याच सुमारास अमेरिकेत ॲडा आणि डोनाल्ड ऑलिन्स या पतिपत्नींनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो घेतले. दोऱ्यात मणी ओवावेत तसं ते दिसतं, म्हणून पाठ्यपुस्तकांत ‘मण्यांची माळ’ हे नाव रूढ झालं. मला त्या उपमेत एक दुरुस्ती करावीशी वाटते. जपमाळेत दोरा मण्यातून जातो, एक मणी काढायचा तर दोरा तोडावा लागतो. इथे दोरा मण्याभोवती गुंडाळलेला आहे. मणी बाजूला सरकवता येतो, काढता येतो, परत बसवता येतो आणि दोरा अखंडच राहतो. भोवऱ्याची जाळी आठवा. ती वेढ्यावर वेढा देत नीट गुंडाळायची ती एका झटक्यात सुटावी म्हणूनच.

या मण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एच४ नावाच्या हिस्टोनात १०२ अमिनो आम्लं असतात. १९६९ मध्ये वाटाण्याचा एच४ आणि गाईचा एच४ शेजारी ठेवून वाचले गेले. १०२ पैकी फरक फक्त दोन ठिकाणी! वनस्पती आणि प्राणी एकमेकांपासून शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळे झाले. त्यानंतर मूळ, पान, शिंग, दूध, सगळं बदललं, धागा गुंडाळण्याची गोटी मात्र बदलली नाही. सरांना हे सांगितलं तेव्हा ते निवृत्त झाले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

गोटीतून हिस्टोनांची टोकं बाहेर लोंबत असतात, रिळातून दोऱ्याचं टोक बाहेर राहतं तशी. पेशी या टोकांवर छोटे रासायनिक गट चिकटवते आणि काढते. ॲसिटिल गट बसला की लायसिनचा धन भार जातो, पकड सैल होते, तिथला डीएनए वाचता येतो. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी हे सुचवलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज कर्करोगावरची काही औषधं याच टोकांवरच्या खुणा बदलून काम करतात. उलट घडी पक्की मिटवायची असेल तर ती किती पक्की मिटते, हे पाहायला घरातलं तीनरंगी मांजर पुरेसं आहे. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यांतलं एक भ्रूणावस्थेतच घट्ट मिटून केंद्रकाच्या कडेला पडतं. कुठलं मिटायचं हे ती पेशी तेव्हा ठरवते आणि तिच्या लेकी-नाती तेच चालू ठेवतात. म्हणून अंगावर काळा पट्टा एका एक्सचा आणि केशरी पट्टा दुसऱ्याचा, आणि म्हणून अशी मांजरं जवळजवळ नेहमी माद्याच असतात. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या रंगांवरून ही मांडणी केली.

मण्यांमुळे लांबी सहा-सात पटीने आखडते. म्हणजे आपला दोरा अजून तीस किलोमीटर आहे. पुढची पायरी काय? मण्यांची माळ पुन्हा सर्पिल गुंडाळून ३० नॅनोमीटर जाडीचा दोर होतो, दोराचा आणखी जाड दोर, असं आम्ही शिकलो. मी स्वतः नव्या तंत्रज्ञांना शिकवताना ती आकृती वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. काचनळीतल्या क्रोमॅटिनमध्ये, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनांच्या एकत्र धाग्यात, तसा दोर दिसतो, हे खरं आहे. पण २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या क्लोडा ओशे यांच्या गटाने माणसाच्या अख्ख्या पेशीतला डीएनए रंगवून त्याचं त्रिमित चित्र घेतलं. त्यात ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वाकड्यातिकड्या, लवचीक माळा दिसल्या. नेटका दोर कुठेच नव्हता. ज्यांच्याकडे जुनी पुस्तकं आहेत त्यांनी त्या पानावर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

नेटका दोर नसला तरी व्यवस्था आहे, आणि ती वेगळ्याच तऱ्हेची आहे. नाडीचा मधलाच भाग चिमटीत धरून हळूहळू ओढला की फास मोठा होत जातो, तसं काही प्रथिनांच्या कड्या डीएनएचा फास ओढतात. कोहेसिन आणि कंडेन्सिन ही त्यांची नावं. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी कंडेन्सिनचा एकच रेणू फास ओढताना प्रत्यक्ष चित्रित केला. ती चित्रफीत मी इतक्यांदा पाहिली आहे, की ठिपका कुठल्या क्षणी फुगतो हे मला पाठ आहे. एका ठिकाणी उजेड साचतो, वाढतो, आणि एका बाजूचा धागा त्यात ओढला जातो. पेशी विभागायची वेळ आली की कंडेन्सिन असे हजारो फास एकमेकांना लगटून ओढतं, मध्ये एक कणा तयार होतो आणि फास चहूबाजूंना फुलतात. १९७७ मध्ये पॉलसन आणि लेमली यांनी गुणसूत्रावरचे हिस्टोन धुऊन काढले तेव्हा हेच दिसलं होतं. मधे कण्याचा सांगाडा आणि त्याच्याभोवती डीएनएच्या फासांचं विस्तीर्ण वलय. दाट ओवलेला गजरा उभा धरून पाहावा तसा तो प्रकार आहे. आपलं सर्वांत लांब गुणसूत्र, पहिलं, उलगडलं तर साडेआठ सेंटिमीटर भरेल. गजरा झाल्यावर ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही आखूड होतं.

फास ओढूनही दोन नकला एकमेकींत अडकलेल्या राहतातच, कारण मुळात त्या एकमेकींना पीळ घालून बसल्या होत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण माणसांविषयी म्हणतो. दोन्ही टोकं बांधलेल्या धाग्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. पीळ इकडचा तिकडे सरकवता येतो, धागा न तोडता घालवता येत नाही. म्हणून पेशीकडे टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइमं आहेत. त्यांतलं दुसऱ्या प्रकारचं एन्झाइम एका धाग्याचे दोन्ही कठडे कापतं, टोकं घट्ट धरून ठेवतं, दुसरा धागा त्या फटीतून पलीकडे नेतं आणि काप पुन्हा सांधतं. गाठ सुटते, धागा अखंड. कर्करोगावर शिरेतून देतात त्या लालभडक डॉक्सोरुबिसिनचं एक मोठं काम म्हणजे हा सांधा अर्धवट ठेवायला लावणं. कापलेला धागा कापलेलाच राहतो आणि भराभर वाढणारी पेशी मरते.

घडीचं महत्त्व मला सर्वांत जास्त पटलं ते हाताच्या बोटांवरून. अंगठा कुठे आणि करंगळी कुठे हे ठरवणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकाची कळ त्या जनुकाजवळ नाही. ती जवळजवळ दहा लाख जोड्या लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. आपल्या दोऱ्याच्या मापात ३४ मीटर. फास ओढला जातो तेव्हा कळ आणि जनुक शेजारी येतात. आता अशा फासांच्या मधली हद्दच पुसली गेली तर? २०१५ मध्ये बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या येणारी बोटांची व्यंगं तपासली. आखूड बोटं, जुळलेली बोटं, जास्तीची बोटं. बोटं घडवणारी जनुकं अक्षरन्‌अक्षर शाबूत होती. शेजारच्या फासाची हद्द तेवढी नाहीशी झाली होती किंवा फिरली होती, आणि एका जनुकाची कळ दुसऱ्याच जनुकाला जाऊन लागत होती. तेच बदल त्यांनी उंदरांत केले आणि उंदरांच्या पंजात तशीच बोटं उमटली. मजकुरात चूक नव्हती, घडीत होती.

माझं काम या घडीच्या सर्वांत मिटलेल्या रूपाशी होतं, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. रक्ताचे काही थेंब पोषक द्रवात घालून, त्यात राजम्यापासून काढलेलं प्रथिन टाकायचं, म्हणजे पांढऱ्या पेशी विभागू लागतात. ७२ तास ३७ अंशांवर ठेवायचं. मग कोल्चिसिन, म्हणजे आपल्या डोंगरांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतं ते विष. त्याने गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंची बांधणी थांबते आणि पेशी ऐन विभागणीत खोळंबते. मग पातळ क्षाराचं पाणी. पेशी फुगतात, आतली गुणसूत्रं सुटी होतात. शेवटी पिपेट उंच धरून थेंब थंड काचपट्टीवर टाकायचा. थेंब पडल्याचा आवाज आणि पसरण्याची तऱ्हा यांवरून त्या दिवशीची काचपट्टी कशी येणार हे मला कळू लागलं होतं. पुढे फोटो काढून गुणसूत्रं कात्रीने कापायची आणि जोड्या लावून कागदावर चिकटवायची. संगणक आल्यानंतरही काही दिवस माझा हात कात्रीकडेच जायचा.

त्या पातळ पाण्याचा शोध चुकून लागला. १९५२ मध्ये टेक्ससमध्ये टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी धुण्याचं द्रावण नेहमीपेक्षा पातळ बनवलं आणि एरवी गोळा होऊन बसणारी गुणसूत्रं सुरेख पसरलेली दिसली. तरीही त्या वर्षीच्या निबंधात शू यांनी माणसाची गुणसूत्रं ४८ अशीच लिहिली, कारण १९२३ पासून सगळे ४८ च म्हणत होते. डोळ्यांपुढे ४६ असूनही! १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला जो हिन ट्जिओ यांनी मोजली ती ४६, आणि त्यांनी ४६ लिहिली. पूर्वीच्या आकड्याला न दबता जे दिसलं ते लिहिण्याची ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगत असे.

पण गुणसूत्रं म्हणजे धाग्याचे गठ्ठेच; ते किती, याला एवढं महत्त्व आहे का? सह्याद्रीच्या जंगलात रात्री कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १९७० मध्ये वुर्स्टर आणि बेनिर्शके यांनी भारतीय भेकराची गुणसूत्रं मोजली. मादीत ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत याहून कमी माहीत नाहीत. त्याच्या चिनी भावंडात मात्र ४६ आहेत, धागा साधारण तेवढाच. लहान लहान गठ्ठे टोकाला टोक जुळून मोठे होत गेले, आणि जोडाच्या ठिकाणी जुन्या टोकांच्या खुणा अजून सापडतात. दुसऱ्या टोकाला आपल्याच घाटात पावसाळ्यात उगवणारं एकपानी नेचं आहे, ओफिओग्लॉसम. त्याच्या एका जातीत बाराशेहून अधिक गुणसूत्रं असल्याचं १९५४ मध्ये केरळच्या अब्राहम आणि निनान यांनी दाखवलं. एवढी गुणसूत्रं एका काचपट्टीवर मोजायला किती दिवस बसावं लागलं असेल, हे मला नेमकं कळतं.

म्हणजे गठ्ठ्यांची संख्या बदलूनही जीव सुखाने जगतो. अवघड जातं ते वाटणीच्या वेळी. लागोपाठ गर्भपात झालेली जोडपी आमच्याकडे येत. क्वचित दोघांपैकी एकाच्या दोन गुणसूत्रांची टोकं आपसांत बदललेली सापडत. त्या व्यक्तीत काही कमी नसतं, काही जास्त नसतं, प्रकृती ठणठणीत. पण बीज तयार होताना एका गठ्ठ्याचा तुकडा जास्त आणि दुसऱ्याचा कमी जाऊ शकतो, आणि तो गर्भ टिकत नाही. अशा वेळी बाईच्या डोळ्यांत, मी काय खाल्लं, मी जिना का चढले, असे प्रश्न असतात. मी चिकटवलेला कागद तिच्यापुढे ठेवत असे आणि बोट लावून दाखवत असे, की हे टोक इकडचं तिकडे आहे. हे तुम्ही जन्मलात तेव्हापासून आहे, तुमच्या हातून काहीच झालेलं नाही. कितीतरी जणींनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आहे. त्यांच्यातल्या काही पुढे बाळ दाखवायला आल्या, कारण अशा पालकांनाही निरोगी मूल होऊ शकतं, हेही आम्ही त्याच कागदावर समजावलेलं असे.

सरांच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण बाहेरच्या ओसरीवर दोन सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले आहेत. चार दिवसांपूर्वी ग्लासांवर कांदे ठेवले होते, काल सकाळी आठ वाजता मुळांची टोकं कापली, आज दुपारी काचपट्ट्या केल्या. डावीकडच्या भिंगाखाली मध्यभागी एक चांगली पेशी आहे, सगळी गुणसूत्रं सुटी दिसतात. उजवीकडच्या भिंगाखाली गुणसूत्रं दोन टोकांकडे निघाली आहेत. लहान मुलांना आधी पाहू द्या. स्टूल ठेवलेलं आहे. आणि डावीकडची पेशी मोजताना घाई करू नका. दोन काड्या एकमेकींवर आडव्या पडल्या आहेत, पहिल्यांदा पंधराच भरतील.